वकीलपत्र कोणी दिले?

बाजारपेठेत एक साधा नियम आहे. कोणी गृहस्थ दुकानाची पायरी चढून ‘मी अमुक पेढीचा मुखत्यार आहे, तिच्या वतीने हा सौदा पक्का करतो’ असे म्हणू लागला, तर शहाणा व्यापारी आधी त्याचे मुखत्यारपत्र पाहण्यास मागतो. ते कोणी लिहून दिले, कोणत्या कामापुरते दिले, त्याची मुदत कोठवर आहे आणि धन्याने ते मागे तर घेतले नाही ना, इतक्या गोष्टींची खातरजमा झाल्यावाचून तो हजार रुपयांचा मालही उधार देत नाही. असे असून, लक्षावधि माणसांच्या लग्नाचे, वारशाचे, शिक्षणाचे आणि मतांचे व्यवहार ज्या पेठेत होतात, त्या राजकारणाच्या पेठेत मात्र ही साधी चौकशी करण्याचे आपल्यापैकी बहुतेकांच्या मनातही येत नाही. एखादी परिषद भरते, दहा-वीस मौलवी ठरावावर सह्या करतात आणि दुसऱ्या दिवशी सरकार, वर्तमानपत्रे व प्रतिपक्ष हे तिघेही ‘मुसलमान समाजाचे म्हणणे असे आहे’ म्हणून मोकळे होतात. हे वकीलपत्र त्यांस कोणी दिले, हाच आजच्या लेखाचा प्रश्न आहे.

प्रारंभीच एक खुलासा करणे अवश्य आहे. मुसलमानांच्या धार्मिक संस्थांनी सार्वजनिक जीवनात पाऊलच टाकू नये, असे म्हणणारा एक वर्ग आपल्याकडे आहे. त्याला प्रत्येक दाढीत कट दिसतो. उलट, उलेमा म्हणजेच समाज, त्यांच्या शब्दापलीकडे मुसलमानास निराळे मत असूच शकत नाही, असे मानणारा दुसरा वर्ग आहे. हे दोन्ही वर्ग एकमेकांचे वैरी म्हणून मिरवतात. परंतु त्यांची मूळ समजूत एकच आहे. कोट्यवधि माणसांचा समाज म्हणजे एकच मनुष्य, आणि त्याला तोंडही एकच, असे दोघेही धरून चालतात. आम्हांस ही समजूतच मान्य नाही. कोकणातील खलाशी, मालेगावातील विणकर, मुंबईचा बोहरी व्यापारी, लखनौचा वकील आणि मलबारातील शिक्षक यांची निमाजाची दिशा एक असली, तरी त्यांची भाषा एक नाही, धंदा एक नाही, आणि संसारातील अडचणी तर मुळीच एक नाहीत.

ज्या संस्थांची आज चिकित्सा करावयाची, त्यांचे श्रेय त्यांच्या पदरात आधी टाकणे हा न्याय होय. मुंबईत १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी व त्यांचे बंधु कमरुद्दीन यांनी इतर मंडळींच्या साहाय्याने ‘अंजुमन-इ-इस्लाम’ ही संस्था काढली. संस्था मुसलमानांची, पण तिचे काम शाळा काढण्याचे. तिच्या शाळांतून कित्येक पिढ्या शिकून बाहेर पडल्या, आणि तिचे प्रवर्तक बद्रुद्दीन तय्यबजी हे १८८७ साली मद्रासच्या राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झाले. स्वजातीच्या उन्नतीसाठी झटणे आणि सर्व देशाच्या सभेत मानाने बसणे यांत त्यांस विरोध दिसला नाही. १९१९ साली स्थापन झालेल्या ‘जमियत-उल्-उलेमा-इ-हिंद’ या मौलवींच्या संस्थेचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. मुसलमान हे निराळे राष्ट्र आहेत ही आरोळी चोहोकडे उठली असता, देवबंदचे मौलाना हुसेन अहमद मदनी यांनी १९३८ साली पुस्तक लिहून असे प्रतिपादन केले की, एका देशात राहणारे हिंदु व मुसलमान हे मिळून एक राष्ट्र होऊ शकतात आणि त्यास इस्लामची आडकाठी नाही. ही भूमिका घेतल्याबद्दल त्यांस स्वधर्मीयांकडूनच पुष्कळ शिव्याशाप सोसावे लागले.

अलीकडील काळाकडे पाहावे. सप्टेंबर २००६ मध्ये मालेगावात बाँबस्फोट झाले. मेलेले बहुतेक मुसलमान, आणि पोलिसांनी प्रथम पकडले तेही मुसलमानच. पाच वर्षे तुरुंगात काढल्यावर त्यांस जामीन मिळाला, व एप्रिल २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांस आरोपांतून मुक्त केले. या लढ्यात वकिलांचा खर्च सोसून त्यांच्या पाठीशी उभी राहिली ती जमियतची महाराष्ट्रातील शाखा. तसेच पोलिओच्या डोसाविषयी उत्तर प्रदेशात वेड्यावाकड्या अफवा पसरून आईबाप दारे लावून घेऊ लागले, तेव्हा मशिदींतून पुकारा करून ती दारे उघडण्याचे काम तेथील इमाम व मौलवी यांनी केले. देशातील शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये हा प्रदेश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. या यशात त्यांचा वाटा आहे.

ही सर्व कामे सेवेची आहेत. बुडत्याला हात देणाराने आधी वकीलपत्र दाखवावे असे कोणीही म्हणणार नाही. शाळा काढणे, दवाखाना चालविणे, निरपराध्यासाठी वकील देणे, रोग्यास औषध घ्यावयास लावणे, यांसाठी समाजाची संमति मागण्याचे कारण नाही. प्रश्न उपस्थित होतो तो यापुढे. सेवेने मिळविलेली पत जेव्हा प्रतिनिधित्वाच्या बाजारात चालविली जाते, आणि ‘आम्ही शाळा काढली, म्हणून तुमच्या घरातील कज्जाही आम्हीच तोडू’ असे म्हटले जाते, तेव्हा वकीलपत्र पाहण्याची वेळ येते.

इतिहासाची साक्ष या बाबतीत स्पष्ट आहे. १९१९ पासून खिलाफतीच्या चळवळीने देश दुमदुमून गेला. तुर्कस्तानच्या खलिफाची गादी राखणे हा हिंदुस्थानातील प्रत्येक मुसलमानाच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, असे व्यासपीठावरून सांगण्यात आले, आणि भोळ्या भाविकांनी अंगावरचे दागिनेही त्या फंडात दिले. पुढे काय झाले? मार्च १९२४ मध्ये खुद्द तुर्कांच्याच राष्ट्रीय सभेने खलिफाचे पद रद्द केले. ज्यांच्यासाठी येथे माणसे तुरुंगात गेली, त्यांस ती गादी नकोच होती! त्याआधीच फंडाच्या हिशेबाचाही बोभाटा झाला होता. मध्यवर्ती समितीचे अध्यक्ष हे मुंबईचे एक मोठे व्यापारी होते. त्यांच्या व्यापारात फंडाचे सुमारे १६ लाख रुपये अडकून पडल्याचे उघडकीस आले. आपणास यांत कोणा एका व्यक्तीची निंदा करावयाची नाही. धर्माच्या नावाने जमलेल्या पैशाची कीर्द-खतावणी कोणी पाहावयाची नसते, असे एकदा मानले म्हणजे असेच होणार, एवढेच दाखवावयाचे आहे.

दुसरी साक्ष फाळणीची. १९४५ साली जमियतमधूनच मौलाना शब्बीर अहमद उस्मानी व त्यांचे अनुयायी बाहेर पडले आणि त्यांनी ‘जमियत-उल्-उलेमा-इ-इस्लाम’ नावाची निराळी संस्था काढून पाकिस्तानची बाजू उचलली. मदनी व उस्मानी हे दोघेही देवबंदचेच. ग्रंथ तेच, गुरुपरंपरा तीच. एकाने त्यातून अखंड देश काढला, दुसऱ्याने फाळणी काढली. मग यांपैकी इस्लामचा आवाज कोणता म्हणावा? आमच्या मते प्रामाणिक उत्तर एवढेच की, दोन्ही राजकीय मते होती, आणि राजकीय मत म्हणूनच ती लोकांपुढे यावयास हवी होती. धर्माचा शिक्का दोहोंवरही मारला गेल्यामुळे सामान्य माणसास निवड करणे कठीण झाले. त्यातही १९४६ च्या निवडणुकीत मताचा हक्क मालमत्ता, कर व शिक्षण यांच्या अटींनी जखडलेला होता. ज्यांची घरेदारे पुढे सुटली, त्या गोरगरिबांतील बहुतेकांस मतपेटी पाहावयासही मिळाली नाही. त्यांच्या वतीने बोललेल्यांनी त्यांस विचारले नव्हते.

आता कायद्याकडे वळू. मौलवींची संस्था सुधारणेच्या आड येतेच, असा पुष्कळांचा समज आहे. तो सर्वस्वी खरा नाही, आणि त्याचे उत्तम प्रमाण १९३९ सालचे आहे. त्या काळी हनफी पंथाच्या चालू नियमांप्रमाणे मुसलमान स्त्रीस छळ करणाऱ्या अगर परागंदा झालेल्या नवऱ्यापासून सुटका करून घेणे जवळजवळ अशक्य होते. तेव्हा काही दुर्दैवी स्त्रियांनी, विशेषतः पंजाबात, धर्मांतर केल्याचे जाहीर करून विवाहबंधन तोडण्याचा मार्ग काढला. हे पाहून मौलाना अश्रफ अली थानवी यांच्यासारख्या कर्मठ म्हणून गाजलेल्या विद्वानाने मालिकी पंथाच्या शास्त्राचा आधार शोधला, आणि अशा स्त्रीस न्यायाधीशाकडून विवाह मोडून घेता येतो असा निर्णय ग्रंथरूपाने दिला. त्यातून जमियतच्या पाठिंब्याने विधेयक आले, आणि १९३९ च्या कायद्याने नवरा चार वर्षे बेपत्ता असणे, दोन वर्षे पोटगी न देणे, क्रूरपणे वागविणे इत्यादि कारणांवरून मुसलमान स्त्रीस काडी मोडून घेण्याचा हक्क मिळाला. शास्त्राचे दार उघडत नाही असे नाही. बाहेर कोणी जोराने ठोठावले म्हणजे आतील माणसास किल्ली सापडते.

मग पुढील काळात तीच किल्ली का हरवली? १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या नेतृत्वाखाली सात मुसलमान स्त्रिया मुंबईच्या विधानभवनावर गेल्या. तोंडी तलाक व बहुपत्नीत्व बंद करा, एवढेच त्यांचे मागणे होते. चिपळूणजवळच्या मिरजोळीत जन्मलेल्या या मराठी लेखकाने २२ मार्च १९७० रोजी पुण्यास ‘मुस्लिम सत्यशोधक मंडळ’ स्थापन केले; नावातच जोतीरावांच्या १८७३ च्या समाजाचे ऋण आहे. मागे फक्त सात स्त्रिया आहेत म्हणून दलवाईंची टवाळी झाली. परंतु त्या सातजणी स्वतःच्या दुःखासाठी स्वतः चालून गेल्या होत्या. त्यांस दुसऱ्याच्या वकीलपत्राची गरज नव्हती. त्यानंतर डिसेंबर १९७२ मध्ये मुंबईतच निरनिराळ्या पंथांच्या उलेमांची मोठी परिषद भरली, आणि १९७३ साली हैदराबादेस ‘ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड’ स्थापन झाले. वैयक्तिक कायद्यास सरकारने हात लावू नये, सुधारणा करावयाची ती समाज आतून करील, असे त्याचे म्हणणे होते. म्हणणे वाईट नव्हते. आतून करू म्हणणाराने आत काय केले, हे मात्र पुढे विचारावेच लागले.

इंदूरच्या शाहबानो यांचा खटला सर्वांस ठाऊक आहे. तरी त्यातील आकडे व्यापारी वाचकांनी पुनः एकदा पाहावेत. त्रेचाळीस वर्षांच्या संसारानंतर, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, १९७८ साली त्यांस वकील नवऱ्याने तलाक दिला. कनिष्ठ न्यायालयाने पोटगी ठरविली ती महिना २५ रुपये. मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयाने ती वाढवून १७९ रुपये २० पैसे केली. एवढ्या रकमेसाठी तो गृहस्थ सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, व बोर्डही त्याच्या बाजूने तेथे उभे राहिले. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने २३ एप्रिल १९८५ रोजी निकाल त्या वृद्धेच्या बाजूने दिला. तेव्हा ‘इस्लाम धोक्यात’ अशी हाकाटी होऊन गावोगाव मोर्चे निघाले, आणि ज्या बाईने सात वर्षे झगडून हक्क मिळविला, तिच्यावरच तो निकाल आपणास नको असे जाहीर करण्याची पाळी आली. सरकार डगमगले. मे १९८६ मध्ये नवा कायदा होऊन नवऱ्याची जबाबदारी इद्दतीच्या काळापुरती आटोपण्यात आली. त्यापुढे त्या स्त्रीने नातलगांकडे व शेवटी वक्फ मंडळाकडे हात पसरावा, अशी योजना झाली. त्याच वर्षी १ फेब्रुवारीस अयोध्येतील वादग्रस्त वास्तूचे कुलूप उघडण्यात आले होते. एका हाताने एका धर्माच्या पुढाऱ्यांस व दुसऱ्या हाताने दुसऱ्या धर्माच्या पुढाऱ्यांस खूष करण्याच्या या धोरणाची किंमत देशाने पुढे काय दिली, हे मुंबईकरांस सांगावयास नको.

आणि शेवटी झाले काय? १९८६ च्या कायद्याचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली, स्त्रीच्या पुढील आयुष्याची वाजवी तरतूद नवऱ्याने इद्दतीच्या काळातच केली पाहिजे, असे ठरविले. एका दमात तीनदा उच्चारलेला तलाक २२ ऑगस्ट २०१७ रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी रद्दबातल झाला. अशा स्त्रीस सर्वसाधारण फौजदारी कायद्याखालीही पोटगी मागता येते, असा निर्वाळा जुलै २०२४ मध्ये मिळाला. यांतील एकही पाऊल बोर्डाने स्वतः होऊन टाकलेले नाही. एकदम तीन तलाक देणे हे पाप आहे, पण ते लागू मात्र पडते, असे बोर्ड न्यायालयात सांगत राहिले. पाप आहे असे स्वतःच म्हणावयाचे आणि त्याचे फळ बिचाऱ्या स्त्रीच्या पदरी बांधावयाचे, हा कोठला न्याय? बोर्डाने हे काम १९७३ नंतर दहा-पंधरा वर्षांत उरकले असते, तर त्याचा मान वाढला असता, आणि २०१९ साली सरकारने नवऱ्यास तीन वर्षांपर्यंत तुरुंगाची शिक्षा सांगणारा कायदा केला, त्याचे निमित्तही उरले नसते. जो आपले घर वेळेवर झाडीत नाही, त्याच्या घरात परक्याची केरसुणी शिरते, आणि ती कचऱ्याबरोबर आणखी काय लोटील याचा नेम नसतो.

मुंबईतील हाजी अली दर्ग्याचा प्रसंगही हेच शिकवितो. आतील मजारीपर्यंत स्त्रियांस जाऊ देण्याचे विश्वस्तांनी बंद केले, तेव्हा ‘भारतीय मुस्लिम महिला आंदोलन’ या संस्थेच्या स्त्रियाच न्यायालयात गेल्या. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि त्याच सालच्या अखेरीपूर्वी स्त्रिया आत जाऊन दर्शन घेऊन आल्या. धर्म बुडाला नाही, दर्गाही जागचा हलला नाही.

आता हिशेबाची गोष्ट. मुंबईत सेठ चांदाभाई यांच्या मजारीवर भाविक जो पैसा टाकीत, त्या गल्ल्याचा मालक कोण, असा वाद बोहरी समाजात उत्पन्न झाला. १९१७ साली खटला उच्च न्यायालयात उभा राहिला. दाई हे धर्मगुरु; ते कोणासही हिशेब देण्यास बांधलेले नाहीत, असा एका पक्षाचा दावा होता. न्यायमूर्ति मार्टिन यांनी १९२१ साली निकाल दिला की, तो पैसा धर्मादाय असून धर्मगुरु हे त्याचे विश्वस्त आहेत, सबब ते हिशेबास पात्र आहेत. गुरूस वंदन करावे, पण गल्ला मोजून घ्यावा, असा या निकालाचा मराठीत अर्थ आहे.

तीच दृष्टि वक्फांस लावून पाहावी. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाप्रमाणे देशात ४ लाख ९० हजारांवर नोंदलेल्या वक्फ मिळकती होत्या व त्यांखाली सुमारे ६ लाख एकर जमीन होती. बाजारभावाने त्यांची किंमत समितीने १ लाख २० हजार कोटी रुपये धरली, आणि वर्षाचे उत्पन्न किती, तर १६३ कोटी! शंभर रुपयांच्या मिळकतीवर वर्षास चौदा पैसेही पुरते नाहीत. शेकडा दहा उत्पन्न निघाले तरी वर्षास १२ हजार कोटी येतील, असे समितीने दाखविले. त्याच अहवालात असेही आढळले की, शाळेच्या वयाच्या मुसलमान मुलांपैकी मदरशांत जाणारी शंभरांत अवघी चार. उरलेल्या शहाण्णव मुलांस चांगली शाळा, वसतिगृह व शिष्यवृत्ति पाहिजे. हा पैसा कोठे गळतो? कोठे मुतवल्ली भाड्याच्या नावाने नाममात्र रक्कम घेतात, कोठे दांडग्यांनी जागा बळकाविल्या आहेत, आणि कोठे खुद्द सरकारी कचेऱ्याच वक्फाच्या जमिनीवर थाटल्या आहेत. २०२५ च्या एप्रिलमध्ये वक्फाचा कायदा बदलण्यात आला, त्यावरून मोठे वादळ उठले, आणि सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यातील काही कलमांस तात्पुरती स्थगिति दिली. सरकारने मंडळांवर परधर्मीय सभासद बसवावेत की नाही यावर मतभेद होणे रास्त आहे. हिंदूंच्या देवस्थानांस लागू न होणारा नियम मुसलमानांसच का, हा प्रश्नही खोटा नाही. परंतु वक्फाच्या रक्षणासाठी मैदाने भरविणाऱ्या संस्थांनी गेल्या पन्नास वर्षांत वक्फाच्या हिशेबासाठी किती सभा भरविल्या, हे मुसलमान तरुणांनी आपल्या पुढाऱ्यांस विचारले, तर त्यांस फुटीर म्हणता येणार नाही.

फुटीर म्हणण्याचा प्रकार मात्र फार जुना आहे. बहिष्काराचे हत्यार काय चीज आहे हे व्यापाऱ्यांस निराळे सांगणे नको. गिऱ्हाईक तुटते, सोयरीक तुटते, शेवटी मढ्यास खांदा मिळत नाही. मुंबई सरकारने १९४९ साली जातिबहिष्कारास बंदी करणारा कायदा केला. परंतु दाऊदी बोहऱ्यांच्या धर्मगुरूंनी त्यास आव्हान दिले, आणि धर्मसंस्थेचा तो हक्क आहे म्हणून १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो कायदा रद्द केला. सरन्यायाधीश सिन्हा यांनी विरुद्ध मत नोंदविले. आमची सहानुभूति त्यांच्या मताकडे आहे. पुढे महाराष्ट्राने २०१६ साली सर्वच जातिधर्मांच्या सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, हे या राज्यास भूषणावह आहे. ज्या संस्थेत ‘नाही’ म्हणणाऱ्यास घराबाहेर काढतात, तेथील ‘होय’ या शब्दास किंमत ती काय?

या ठिकाणी दोन आक्षेप येतील. पहिला असा की, हे सर्व मुसलमानांसच का सांगता? आम्ही उत्तर देतो की, हे त्यांसच सांगत नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या विधेयकाच्या वेळी ‘सर्व हिंदु समाज याच्या विरुद्ध आहे’ असे शास्त्रीमंडळींनी सांगितले, तेव्हा बाराव्या वर्षाआधी नांदावयास गेलेल्या मुलींस कोणी विचारले होते? आगरकरांच्या ‘सुधारका’ने तो प्रश्न विचारला म्हणून त्यांनी लोकनिंदा सोसली. १९३० साली नाशिकास काळारामाच्या दारात डॉ. आंबेडकरांचे अनुयायी उभे राहिले, तेव्हाही पुजाऱ्यांनी हिंदु धर्माचे वकीलपत्र स्वतःच्याच नावे लिहून घेतलेले होते. वजनमाप दोन्ही गिऱ्हाइकांस एकच लावावे, हा धर्म दुकानात खरा, तसा वर्तमानपत्रातही खरा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अल्पसंख्य समाज भीतीत वावरत असता त्याने घरातील भांडणे चव्हाट्यावर कशी आणावीत? आतील टीकाकाराचे शब्द बाहेरचा शत्रु उचलतो, हे खरे आहे. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मधील मुंबईच्या दंग्यांत सुमारे ९०० माणसे मेली, त्यांत ५७५ मुसलमान होते, हे न्यायमूर्ति श्रीकृष्ण यांच्या आयोगाने नमूद केले, आणि पोलिसांच्या वर्तनावरही कडक ठपका ठेवला. ज्यास चौकीवर दाद मिळत नाही, भाड्याने खोली मिळत नाही, नळास पाणी येत नाही, तो मशिदीच्या आश्रयास जाईल नाही तर कोठे जाईल? म्हणून आमच्या हिंदु वाचकांसही आमचे सांगणे आहे. मौलवींचे वर्चस्व मोडावे असे ज्यांस मनापासून वाटते, त्यांनी मुसलमान शेजाऱ्यास नगरपालिकेत, न्यायालयात व बाजारात नागरिक म्हणून सरळ न्याय मिळेल अशी व्यवस्था आधी करावी. मध्यस्थाचे दुकान चालते ते सरकारी खिडकी बंद असते म्हणून. भीति हे ऐक्याचे कारण असू शकते. पण ते अन्यायास पांघरूण होऊ देणे म्हणजे दुबळ्यांतील दुबळ्याचा बळी देणे होय, आणि तो बळी बहुधा स्त्रीचाच असतो.

मग मौलवीने राजकारणात पडूच नये काय? पडावे, खुशाल पडावे. पण उमेदवार म्हणून. मालेगावचेच उदाहरण घ्या. तेथील मुफ्ती महंमद इस्माईल २००९ साली विधानसभेवर निवडून आले. २०१४ साली त्याच मतदारांनी त्यांस घरी बसविले. २०१९ साली पुनः पाठविले, आणि २०२४ साली ते निवडून आले ते अवघ्या १६२ मतांनी. मुफ्तींचा फतवा मतपेटीवर चालत नाही, मतदाराची शाई मुफ्तींवर चालते, हे या आकड्यांवरून दिसते. दिल्लीच्या जामा मशिदीच्या शाही इमामांनी १९७७ साली जनता पक्षाची, १९८० साली काँग्रेसची, आणि त्यांच्या पुत्रांनी २००४ साली भारतीय जनता पक्षाची शिफारस केली. त्या शेवटच्या शिफारशीस मुसलमान मतदारांनी भीक घातली नाही. मतदार पुढाऱ्यांच्या समजुतीपेक्षा शहाणा आहे. १९५१ चा निवडणूक कायदा धर्माच्या नावाने मते मागण्यास मनाई करतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये तीत उमेदवाराच्या धर्माबरोबर मतदाराचाही धर्म अंतर्भूत केला. हा नियम मशीद, मंदिर व गुरुद्वारा यांवर सारखाच लागू झाला पाहिजे.

सारांश, आमचे मागणे थोडके आहे. जी धर्मसंस्था समाजाच्या नावाने सरकारशी बोलू इच्छिते, तिने आपला जमाखर्च दरसाल छापून प्रसिद्ध करावा. तिच्या कार्यकारी मंडळात स्त्रियांस निम्म्या जागा द्याव्यात, व ज्या प्रश्नाची झळ स्त्रियांस लागते त्यावर त्यांच्या मतावाचून ठराव करू नये. विरुद्ध मत देणाऱ्यास जमातीबाहेर टाकू नये. सरकारने व आम्हां पत्रकर्त्यांनी, कोणताही ठराव ‘मुसलमान समाजाचा’ म्हणून छापण्यापूर्वी अगर मान्य करण्यापूर्वी, तो किती जणांचा व कोणाचा हे विचारावे. आणि ज्याच्या संसारास तो लागू व्हावयाचा, त्या माणसाची साक्ष आधी घ्यावी. एवढ्या अटी ज्या संस्थेस जाचक वाटतील, तिने सेवा करावी, पुण्य जोडावे, लोकांचे आशीर्वाद घ्यावेत. लोकांच्या वतीने सही मात्र करू नये.